आमच्या व्हाळावरच्या पुलाची फाईल

गावातला जुना पूल दुरुस्त करून घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची, हे विचारायला गेल्या काही महिन्यांत गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीतून आणि एकदा तर थेट काणकोणहून फोन आले. प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच ठेवते. मी इंजिनीअर नाही. वाळपईला एका पतसंस्थेत कारकून आहे. आवक-जावक, सही-शिक्का यांची भीती वाटत नाही, एवढीच माझी पात्रता. गावाचं आणि खात्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांनी सुरुवातीला टोलवाटोलवी केली त्यांच्यापैकीच काही जण पुढे आमच्या कामाला आले. ज्यांच्याकडे रस्ते असतात त्यांना मी रस्तेवाले म्हणेन, ज्यांच्याकडे बंधारे आणि कालवे असतात त्यांना पाणीवाले.

पूल तसा लहान, तीन गाळ्यांचा. खांब आणि काठाच्या भिंती चिऱ्याच्या, वर काँक्रीटचा स्लॅब. खालचा व्हाळ, म्हणजे ओढा, पुढे म्हादई नदीला मिळतो. खांबांना दोन्ही अंगांनी उभ्या खाचा आहेत. पूर्वी पावसाळा सरला की त्या खाचांत फळ्या घालून पाणी अडवायचे आणि वायंगण (पावसाळ्यानंतरच्या) शेतीला, कुळागरांना (सुपारीच्या बागांना) द्यायचे. फळ्या घालणं कधीच बंद पडलं, खाचा राहिल्या. पुढचा सगळा घोळ या खाचांनीच घातला.

मे २०२३ मध्ये व्हाळ आटला होता. शेजारचा मुलगा कुर्ल्या धरायला खाली उतरला होता, तो वर येऊन म्हणाला, "वयनी, खांब्यापोंदा पोकळ आसा." मी खाली गेले. त्याने हातातली काठी मधल्या खांबाच्या पायथ्याखाली सरकवली. ती कोपरभर आत गेली तरी कुठे टेकली नाही. वर पाहिलं तर स्लॅबच्या पोटाचं काँक्रीट जागोजागी सुटलेलं, सळ्या उघड्या, एका सळईचे गंजून पापुद्रे निघालेले. काठाच्या भिंतीतून पिंपळ डोकावत होता आणि पावसाचं पाणी वाहून जायला ठेवलेल्या भोकांपैकी बहुतेक मातीने बुजली होती.

२३ जुलै २०२१ च्या पुराने सत्तरीची काय दैना केली ते आम्ही पाहिलं आहे. पैकुळचा पूल त्याच पुरात गेला. आमचा उभा राहिला म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण त्या पुराने खांबांच्या पायथ्याचे गोटे आणि वाळू उपसून नेली होती. वरून पूल जसाच्या तसा दिसतो, गाड्या जातात, आणि पाया हळूहळू उघडा पडत असतो. जाणकारांकडून नंतर कळलं की वाहत्या पाण्यावरचे पूल पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. तेव्हा पहिली सूचना हीच: पूल मे महिन्यात खालून बघा. आणि फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा. आम्ही पट्टी धरून पोकळीचे फोटो काढले आणि प्रत्येकामागे तारीख घातली. पुढे प्रत्येक टेबलावर माझ्या बोलण्यापेक्षा त्या फोटोंनीच जास्त काम केलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पंचायतीला पत्र दिलं. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सचिव सज्जन होते. म्हणाले, "पूल पंचायतीचा नाही, पण पत्र पुढे पाठवतो." पाठवलंही. रस्तेवाल्यांकडे गेले तर तिथल्या कनिष्ठ अभियंत्याने फोटो नीट पाहिले, खाचांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हो पूल आमचो न्हय. हो बंधारो." पाणीवाल्यांकडे गेले. त्यांचं म्हणणं, फळ्या घालणं बंद झालं तेव्हा बंधारा म्हणून त्याचं काम संपलं, वरून डांबरी रस्ता जातो, म्हणजे तो रस्तेवाल्यांचा. दोघेही सौजन्याने बोलले. दोघांनीही बसायला खुर्ची दिली. आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला.

मला जे सांगायचं आहे ते खरं तर इथेच आहे. लोक म्हणतात, सरकार जुन्या पुलांकडे लक्ष देत नाही. आमच्या बाबतीत कुणी नकार दिलाच नव्हता. पूल कुणाच्या वहीतच नव्हता. ज्या पुलाची नोंद नाही त्याची पाहणी होत नाही, पाहणी नाही म्हणून अहवाल नाही, आणि अहवाल नसला तर दुरुस्तीच्या पैशांत त्याचं नाव येतच नाही. पुलाची दुरुस्ती मागण्याआधी पुलाचा मालक शोधावा लागतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही खात्यांना माहिती अधिकाराचे अर्ज केले. शुल्क १० रुपये, मी कोर्ट फी स्टॅम्प लावला. अर्ज मराठीत केला, चालतो. उत्तर इंग्रजीत आलं, तेही चालवून घेतलं. अर्जात 'का' हा शब्द घालू नका. पुलाकडे दुर्लक्ष का झालं, असं विचारलं तर ते कारण विचारणं झालं आणि कारणं देणं माहिती अधिकारात येत नाही, असं उत्तर येतं. कागद मागा. मी मागितले ते असे: रस्त्याच्या नोंदवहीतलं या पुलाचं पान, बांधकामाचं वर्ष दाखवणारा कोणताही कागद, गेल्या दहा वर्षांतल्या पाहणी अहवालांच्या प्रती, दुरुस्तीच्या खर्चाच्या नोंदी आणि ताबा एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेल्याचं पत्र असल्यास त्याची प्रत. शेवटी एक ओळ घालायची की माहिती आपल्याकडे नसल्यास कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज संबंधित कार्यालयाकडे पाठवावा. त्याला पाच दिवसांची मुदत असते. नाहीतर 'आमच्याकडे नाही' एवढ्यावर विषय संपतो.

उत्तराची मुदत तीस दिवसांची. पाणीवाल्यांचं उत्तर मुदतीत आलं: बांधकाम आमचं, पण कागद जुने, सापडत नाहीत. रस्तेवाल्यांचं आलं: माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. हे वाक्य वाचून बरेच जण अर्ज फाडून टाकतात. फाडू नका. तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं. आधीच्याच खात्यातला वरिष्ठ अधिकारी ते ऐकतो. वकील लागत नाही. मी रजा टाकून गेले, फोटो समोर ठेवले आणि एवढीच विनंती केली की मला अभिलेख स्वतः बघू द्यावेत. कायद्यात त्याची सोय आहे. अपिलाचे साहेब वैतागलेले दिसले, पण आदेश दिला.

अभिलेखाची खोली म्हणजे एक पोटमाळा. तिथला शिपाई निवृत्तीला आलेला, त्याला कागदांचा भूगोल पाठ. मी आधी ताबा-पत्रांच्या फाईली मागत होते. तो म्हणाला, "बाय, पूल सोदूं नाका, रस्तो सोद." रस्त्याच्या फाईलमध्ये, डांबरीकरणाच्या बिलाला टाचणी लावून, ते पत्र होतं. पाणीवाल्यांनी बंधाऱ्याचा वरचा भाग रस्तेवाल्यांच्या ताब्यात दिल्याचं, १९९० च्या दशकातलं, दोन सह्यांचं. टाचणीच्या गंजाचा ठसा दोन्ही कागदांवर उमटला होता. पत्र होतं, पण वहीत नोंद कुणी केलीच नव्हती. प्रतीला पानामागे दोन रुपये पडले. या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा कागद.

नोव्हेंबरच्या ग्रामसभेत विषय ठेवला. ग्रामसभा रविवारी असते, विषय आधी लेखी द्यावा आणि ठरावाला सूचक-अनुमोदक आधीच पाहून ठेवावेत. मला वाटलं होतं दहा मिनिटांत होईल. वाद चांगलाच रंगला. तरुण मंडळी म्हणाली, दुरुस्ती कशाला, नवीन पूल मागू, दुपदरी. टाळ्याही पडल्या. मला नवीन पुलाचं वावडं नाही, पण नवीन पूल म्हणजे जमीन संपादन, पाण्याचा अभ्यास, अर्थसंकल्पात तरतूद. आणि खांबाखालची पोकळी तोवर थांबणार नव्हती. शिवाय नवीन पुलाला पायाभरणी असते, फीत असते. दुरुस्तीला यातलं काहीच नसतं, म्हणून तिच्यामागे कुणी लागत नाही.

गावातले मास्तर उठले. त्यांचं वय झालेलं, आवाज अजून वर्गातला. म्हणाले, "पणजी-रायबंदरचा लिन्हारिसचा कॉजवे १६३४ चा. चिऱ्याचा. आजही त्याच्यावरून गाड्या जातात. मांडवीवरचा नेहरू पूल १९७० चा, आधुनिक. ५ जुलै १९८६ ला पडला, सोळा वर्षांत. त्यानंतर आम्ही पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे. पूल जुना की नवा हे मला नका सांगू, त्याच्याकडे बघतं कोण ते सांगा." ठराव झाला: तातडीची तपासणी आणि दुरुस्ती, नवीन पुलाची मागणी वेगळी. इतिवृत्तात शब्द नीट उतरले की नाहीत ते वाचून घ्या. आमच्या कच्च्या प्रतीत 'तपासणी'चं 'रंगरंगोटी' झालं होतं, कसं ते देव जाणे.

ठराव, ताबा-पत्र आणि फोटो एकत्र जोडून कार्यकारी अभियंत्याला दिले. डिसेंबरात माणसं आली. त्यांनी पुलाखाली उतरून पाहिलं, आपसांत इंग्रजीत बोलले, आणि जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला पुलाच्या दोन्ही टोकांना पाट्या लागल्या: अवजड वाहनांस बंदी. सोबत लोखंडी कमान, जिच्याखालून कार आणि रिक्षा जातील, बस नाही.

या टप्प्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते. तक्रारीचं पहिलं फळ म्हणजे गैरसोय. बस पलीकडच्या काठावर, देवळापाशी वळू लागली. तिथून आमचा वाडा एक किलोमीटरच्या आसपास. सिलिंडरचा ट्रक पलीकडेच थांबे. शाळेची मुलं दप्तरं घेऊन चालत. दहावीची परीक्षा तोंडावर. कालपर्यंत माझ्या ठरावाला हात वर करणारी माणसं मला पाहून बोलायची थांबत. एक आजी डोक्यावर भाजीची टोपली घेऊन पुलावर भेटल्या, टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बाय, तुज्या अर्जान आमची बस गेली गे." काय उत्तर देणार? बस गेली होती हे खरंच होतं. मी टोपली उचलून देवळापर्यंत सोबत गेले. वाटेत त्यांनी मला सुनेच्या चार तक्रारी सांगितल्या, म्हणजे राग फार नसावा.

कमान बसवून काही दिवस होतात न होतात तोच एका रात्री कुणाचा तरी टिप्पर ती वाकवून गेला. सकाळी काही जणांना ते गमतीचं वाटलं. तेव्हा मास्तरांनी आणि मी घरोघर जाऊन सावर्ड्याची आठवण करून दिली. १८ मे २०१७, कुडचडे-सावर्ड्याचा पोर्तुगीज काळातला पदपूल. वापरासाठी बंद होता, पण पाडला नव्हता. नदीत कुणी उडी घेतली म्हणून शोधकार्य बघायला लोक त्याच पुलावर गोळा झाले आणि पूल माणसांसकट खाली आला. नुसत्या पाटीने पूल बंद होत नाही. १५ जून २०२५ ला पुण्याजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला ते वाचून पुन्हा तेच मनात आलं. तिथेही धोक्याची पाटी होतीच. आमच्याकडे कमान पुन्हा उभी राहिली आणि या खेपेला तिच्या पायांना काँक्रीट घातलं.

गैरसोय कमी करायला ज्या गोष्टी चालल्या त्या सांगते. बसच्या वेळा देवळाच्या फलकावर लिहिल्या. कंडक्टर आमच्याकडची मुलं येईपर्यंत थोडा थांबायला लागला, ते केवळ त्याच्या चांगुलपणामुळे. सिलिंडरसाठी दोन तीनचाकी टेंपोवाल्यांनी भाडं ठरवून दिलं. हे सगळं बंदी लागण्याआधी ठरवलं असतं तर अर्ध्या शिव्या वाचल्या असत्या. तुमच्या गावात पाहणी होणार असेल तर त्याच ग्रामसभेत पर्यायी व्यवस्थेचा ठराव घ्या.

फेब्रुवारीत तपासणी करणारी एजन्सी आली. एक तरुण इंजिनीअर बाई आणि तिचे दोन मदतनीस. हातोडीसारखं स्प्रिंगचं यंत्र काँक्रीटवर दाबून ते किती उसळतं ते मोजलं. मग स्लॅबच्या दोन बाजूंना दोन टोकं लावून आतून ध्वनिलहरी पाठवल्या. त्या किती वेगाने पोचतात त्यावरून आतल्या भेगा-पोकळ्या कळतात. मला सगळ्यात आवडली ती साधी गोष्ट. तिने छिन्नीने स्लॅबचा तुकडा काढला आणि ताज्या खाचेवर बाटलीतून एक द्रव फवारला. आतला भाग क्षणात कोकमाच्या सरबतासारखा गुलाबी झाला. बाहेरचा दोन बोटांचा थर मात्र तसाच राखाडी राहिला. "जिथे गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय," ती म्हणाली, "आणि इथे बघा, सळई कुठे आहे." सळई राखाडी थरात होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरला की काँक्रीटचा अल्कली गुण जातो आणि सळईला गंज चढतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून पाडतं. पोटाचे पापुद्रे का सुटत होते ते त्या दिवशी गावातल्या पोरासोरांनाही कळलं, कारण सगळी तिथेच उभी होती.

अहवाल आला: स्लॅब वाचवता येईल, खांबांचे पाये बांधून काढावे लागतील, पावसाळ्याआधी तात्पुरता बंदोबस्त करावा. अंदाजपत्रक सव्वीस लाखांच्या घरात गेलं. हा आकडा ऐकून गावात दोन तट. निम्म्यांना तो फार वाटला, निम्म्यांना फारच कमी.

आता फाईलचा प्रवास. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, खर्चाला मंजुरी, आणि मग निविदा. प्रत्येक टप्प्यावर फाईल कुठे आहे ते विचारायला जाताना फाईलचा क्रमांक सांगा, पुलाचं नाव नको. क्रमांक सांगितला की कारकून संगणकाकडे वळतो, नाव सांगितलं की छताकडे. आमची फाईल खर्चाच्या मंजुरीला होती तेव्हा १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. गोव्यात मतदान ७ मेला, आचारसंहिता उठायला जून उजाडला. जूनमध्ये व्हाळात काम कोण करणार? त्या अडीच महिन्यांत माझी जेवढी चिडचिड झाली तेवढी आधी किंवा नंतर कधी झाली नाही. घरात माझ्यासमोर पूल हा शब्द काढायचा नाही, असा नियमच झाला होता. मेअखेर पायथ्याशी वाळूच्या गोणी रचल्या गेल्या. पहिल्या मोठ्या पाण्यात त्यांतल्या बऱ्याच गेल्या. मोठ्या गोट्यांची जाळीबंद रास घाला असं आम्ही लेखी सुचवलं होतं, त्याला तेव्हा उत्तर आलं नाही.

मग ७ ऑगस्ट २०२४. मध्यरात्रीनंतर कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल कोसळला, एक ट्रक नदीत गेला. चालकाला वाचवलं. आमच्यापैकी कितीतरी जण त्या पुलावरून कारवार-गोकर्णाला गेलेले. सकाळी त्या आजींचा फोन आला, "बाय, टीव्ही लाय." बसबद्दल मला कुणी बोललं नाही त्यानंतर. आणि फाईलही हलली, योगायोग म्हणा हवं तर.

७ सप्टेंबरची चवथ आम्ही बंद पुलावरच साजरी केली. मुंबईहून आलेल्यांच्या बॅगा, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान, सगळं रिक्षांनी. गणपती बरेच जण डोक्यावरूनच आणतात, त्यामुळे देवाची काही गैरसोय झाली नाही.

निविदा पहिल्यांदा निघाली तेव्हा एकच अर्ज आला, म्हणून फेरनिविदा. कार्यादेश नोव्हेंबरच्या अखेरीस निघाला. इथे एक काम जरूर करा: कामाच्या बाबींचा तक्ता आणि नकाशा यांची प्रत मागून घ्या. त्यात लिहिलेलं असतं की सुटलेलं काँक्रीट किती जागेवरून काढायचं, सळयांना गंजरोधक लेप द्यायचा, खांबांभोवती काँक्रीटचा वेढा किती जाडीचा, पायथ्याशी काय घालायचं. आम्ही तो तक्ता मराठीत उतरवून पंचायतीच्या फलकावर लावला. गावात निवृत्त गवंडी आहेत, त्यांनी तो तोंडपाठ केला आणि ठेकेदाराच्या मुकादमाची झोप उडवली.

डिसेंबरात बाजूने ह्यूम पाईप (काँक्रीटच्या मोठ्या नळ्या) टाकून मातीचा तात्पुरता रस्ता झाला. पहिला अडथळा आला तो पिंपळाचा. नुसता छाटून उपयोग नाही, मुळं भिंतीत राहिली की पुन्हा फुटतो आणि चिरे सुटतात; तो मुळासकट काढावा लागतो. मजूर कोयता लावेनात. मग देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला आणि गावातल्या दोघांनी भिंतीचे चार चिरे उतरवून मूळ पूर्ण सोडवलं. झाड देवळामागे लावलं, जगलं. चिरे चुन्या-सिमेंटात पुन्हा बसवले. हे काम तक्त्यात नव्हतं, ठेकेदाराने त्याचे पैसे मागितले नाहीत, हेही नोंदवते.

पुढचं काम मला वाटलं होतं त्याहून शांत. सुटलेलं काँक्रीट फोडून सळया तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासल्या, लेप दिला, वर पॉलिमर मिसळलेला मॉर्टर थरांनी चढवला. भेगांत बारीक नळ्या बसवून दाबाने ग्राऊट, म्हणजे भेगा भरायचं पातळ मिश्रण, भरलं. एका भेगेत भरलेलं ग्राऊट हातभर दूरच्या दुसऱ्या नळीतून बाहेर आलं तेव्हा मुकादम खुश झाला, म्हणजे आतली वाट भरली. खांबांच्या पायथ्याखालची पोकळी काँक्रीटने भरून भोवती वेढा घातला आणि पात्रात जाळीतले गोटे पसरले, जे आम्ही आधी सुचवले होते.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं, पाणी मारण्यावरून. काँक्रीट घातल्यावर ते निदान आठवडाभर सतत ओलं ठेवावं लागतं, तरच ते पूर्ण ताकद धरतं. शनिवार-रविवारी मजूर सुट्टीवर आणि वेढ्यावरची गोणपाटं वाळून कडक. गवंडीकाकांनी मुकादमाला फोन लावला, त्याने सोमवारी बघू म्हटलं. काका काहीएक न बोलता व्हाळात उतरले, बादली भरली आणि गोणपाटावर ओतली. बघता बघता वाड्यातली पोरं रांगेत उभी. मी तेवढ्यात फोटो काढून कनिष्ठ अभियंत्याला पाठवला. पुढच्या शनिवारपासून पंप आणि माणूस दोन्ही हजर.

मार्च २०२५ मध्ये भार चाचणी. स्लॅबखाली मोजणीची घड्याळं लावली, वर भरलेले टिप्पर उभे केले आणि चोवीस तास तसेच ठेवले. स्लॅब किती वाकतो आणि ओझं काढल्यावर किती परत येतो, ते बघायचं असतं. त्या रात्री अर्धा गाव काठावर. चहा झाला, भजी झाली, कुणी पैजाही लावल्या. दुसऱ्या दिवशी टिप्पर उतरले, घड्याळांचे काटे मागे आले, त्या इंजिनीअर बाईने आकडे लिहून घेतले आणि मान हलवली. एप्रिलमध्ये कमान निघाली आणि बस अलीकडे आली. किती टनांपर्यंतची गाडी चालेल त्याची पाटी मात्र कायमची लागली, आणि तशी ती लागायलाच हवी.

माझा खिशातला खर्च म्हणाल तर स्टॅम्प, झेरॉक्स, रजिस्टर पोस्ट आणि बसभाडं धरून दोन हजारांच्या आत. रजा गेल्या त्या वेगळ्या. फाईलमध्ये आता काय आहे तेही सांगते: ताबा-पत्राची प्रत, ग्रामसभेचा ठराव, तपासणी अहवाल, बाबींचा तक्ता, चाचणीचे आकडे आणि रस्त्याच्या नोंदवहीतलं ते पान, ज्यावर आता आमच्या पुलाचा क्रमांक आहे. एक संच पंचायतीत दिला आहे, एक शाळेत, कारण सचिव बदलतात.

२०२५ मध्ये पाऊस मेअखेरच आला. ऑक्टोबरात व्हाळ उतरल्यावर गवंडीकाका आणि मी खाली जाऊन पाहिलं. गोट्यांची जाळी जागेवर होती, एका कोपऱ्यात थोडी खचली होती. निचऱ्याची दोन भोकं पुन्हा बुजली होती. फोटो काढून, वर पुलाचा क्रमांक टाकून पत्र दिलं. कामाच्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर मार्च २०२८ पर्यंत आहे, म्हणून जाळी त्याच्याकडून दुरुस्त करून घेण्याचं पत्र आठवड्यातच निघालं. भोकं मोकळी करायला खात्याची माणसं परवा येऊन गेली.